गणितात एक वर्ष पुढे टाकायचं का? मुलाकडे बघून कसं ठरवायचं

सहावी-सातवीतलं मूल वर्गात सगळ्यांच्या आधी गणितं सोडवून बसतं, पैकीच्या पैकी मार्क आणतं, आणि मग कुणीतरी म्हणतं याला पुढच्या वर्षाचं गणित सुरू करा. लगेच दोन सल्ले येतात, "कंटाळतोय ना, टाका पुढे" नाहीतर "लहान आहे, कशाला घाई". दोन्ही सल्ले मूल न बघता दिलेले असतात, दोन्ही सोडून द्या. माझ्या मुलीच्या वेळी मी हा निर्णय चुकवला आणि नंतर शिकवताना बऱ्याच मुलांसाठी घेतला, त्यातून जे पक्कं झालं तेच सांगते.

आधी एक पेपर. स्वतःच्या इयत्तेत शंभर मिळाले याचा अर्थ पेपर त्याला पुरला नाही, त्याची झेप कुठवर आहे ते त्यातून कळत नाही. मानसशास्त्रज्ञ जूलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितातल्या हुशार मुलांचा अभ्यास सुरू केला तेव्हा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेज प्रवेशाची एसएटी परीक्षा द्यायला लावली ती यासाठीच, वयाच्या पेपरात ती सगळी सारखीच दिसत होती. तुम्हाला एवढं लांब जायला नको, जे वर्ष गाळायचा विचार आहे त्या वर्षाचा अख्खा वार्षिक पेपर द्या. मी ८५ टक्क्यांच्या खाली पुढे जाऊ देत नाही.

आता खरी अवघड पायरी, आणि इथेच मी चुकले. पेपर चांगला गेला की मूल तयार आहे असं वाटतं, पण त्याला कृती येते की गणित कळलंय हे पेपर सांगत नाही. त्यासाठी शेजारी बसून "का?" विचारायचं आणि नंतर गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात कठीण. मी मुलीला विचारायचे, ती अडकली की "बघ हं नीट" म्हणायचे, ती लगेच खोडून दुसरं लिहायची आणि ते बरोबर असायचं, मला वाटायचं वा, स्वतः सुधारलं. तिने माझा आवाज ओळखला होता, गणित नव्हे. भुवई उंचावणं हीसुद्धा हिंट असते, "हं?" हीसुद्धा. तुम्हाला राहवत नसेल तर दुसऱ्या कुणाला बसवा, पण हिंट देऊन घेतलेली परीक्षा धरू नका.

विचारायचं काय? पाऊण भागिले अर्धा द्या. मुलगी दोन सेकंदांत "उलटं करून गुणायचं, तीन छेद दोन" म्हणाली. मी विचारलं, भागाकार केला तर उत्तर पाऊणपेक्षा मोठं कसं आलं? ती बराच वेळ वहीच्या कोपऱ्यावर पेन्सिल फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "आई, नियमच आहे तसा." पाऊणमध्ये अर्धा दीड वेळा बसतो एवढंच चित्र हवं होतं, ते नव्हतं, आणि तरी मी तिला दोन वर्षं पुढच्या बीजगणितात बसवलं. सहा महिन्यांत (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग असं चुकीचं सगळ्या वहीभर. हुशार मूल पाठांतरावर खूप लांब जातं, म्हणून भेग उशिरा दिसते.

अजून दोन प्रश्न मी नेहमी विचारते. ८ + ४ = __ + ५, रिकाम्या जागी काय? १२ लिहिलं तर त्याच्यासाठी बरोबरचं चिन्ह म्हणजे "उत्तर लिही" एवढंच आहे, दोन्ही बाजू सारख्या हे बसलेलंच नाही, आणि अशा मुलाला समीकरणं दिली की ते चिन्ह बदलून पलीकडे न्यायला शिकतं, का ते कधीच कळत नाही. दुसरा, एक संख्या २० टक्क्यांनी वाढवली, मग २० टक्क्यांनी कमी केली, मूळ संख्या आली का? १०० ची १२० आणि मग ९६, पण मला ९६ नको असतं, दुसऱ्या वेळचे २० टक्के कशाचे हे त्याच्या तोंडून हवं असतं.

शेवटी असं एक गणित द्या जे त्याला येणारच नाही, आणि घड्याळ बघा. वीस मिनिटं आकृत्या काढत, छोट्या संख्या घालून बघत बसलं तर फार चांगलं लक्षण. दोन मिनिटांत रडकुंडीला आलं तर हुशारी कितीही असो, आत्ता नको, कारण पुढच्या वर्गात रोज असंच अडकायचंय.

मुलाला विचारा, त्याला नको असेल तर विषय संपला.

पुढे न्यायचंच ठरलं तर इयत्ता गाळू नका, तीन वर्षांचं दोन वर्षांत बसवा, म्हणजे अपूर्णांक, ऋण संख्या, गुणोत्तर यातलं काही सुटत नाही. कंटाळा हेच एक कारण असेल तर पुढे न नेता बाजूला न्या, विभाज्यता, मोजणीची कोडी, भूमितीतल्या सिद्धता, यात वर्षभर पुरेल इतकं आहे आणि पुढे त्याचा उपयोगही जास्त होतो.

आणि सुरू करायच्या आधीच शाळेशी बोलून घ्या की दीड-दोन महिन्यांनी बघू, जमलं नाही तर मागच्या वर्गात परत घ्याल का. मुलालाही तेव्हाच सांगा की परत येणं आधीच ठरलेलं आहे, म्हणजे ते नापास झाल्यासारखं वाटत नाही. माझ्या मुलीला मी हे सांगितलं नव्हतं, ती परत आली तेव्हा महिनाभर तिने गणिताची वही माझ्यासमोर उघडली नाही.