कर्करोगात पूरक उपचारांची माहिती शोधताना या चुका टाळा

घरात कर्करोगाचे निदान झाले की दोन-चार दिवसांत व्हॉट्सॲपवर ‘लक्ष्मणफळ केमोपेक्षा १०,००० पट प्रभावी’ हा संदेश येतोच. हा आकडा हवेतून आलेला नाही, आणि म्हणूनच तो फसवतो. १९९६ साली अमेरिकेतील संशोधकांनी या फळाच्या बियांतून काढलेले एक रसायन प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या कर्करोगपेशींवर वापरून त्याची ॲड्रियामायसिन या केमोच्या औषधाशी तुलना केली होती; त्यात रुग्ण एकही नव्हता. काचेच्या बशीतल्या पेशी फिनाइलनेही मरतात. तेव्हा ‘संशोधनाने सिद्ध’ असे वाचले की प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर, हे आधी पाहावे.

दुसरी चूक ‘पूरक’ आणि ‘पर्यायी’ हे शब्द एकच समजण्याची. केमोची मळमळ कमी व्हावी म्हणून ॲक्युपंक्चर घेणे किंवा थकव्यासाठी योगासने करणे पूरक झाले; शस्त्रक्रियाच नाकारून काढे घेणे पर्यायी. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांची रूढ उपचार घेतलेल्यांशी तुलना केली, तेव्हा पहिल्या गटात मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट आढळला.

शोधताना ‘कर्करोगावर हळद’ असे टाकले की विक्रेतेच पुढे येतात. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करण्यास आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, त्यामुळे तसा दावा दिसताच ते पान बंद करायला हरकत नाही. त्याऐवजी वनस्पतीचे नाव आणि चालू औषधाचे नाव एकत्र टाकावे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाच्या ‘अबाउट हर्ब्स’ या मोफत संग्रहात प्रत्येक वनस्पतीचे दुष्परिणाम आणि औषधांशी होणारी आंतरक्रिया, म्हणजे एकत्र घेतल्यास एकमेकांवर होणारा परिणाम, दिलेली असते. ही माहिती इंग्रजीत आहे, पण घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला वाचून सांगता येते.

सर्वांत महागात पडते ती लपवाछपवी. डॉक्टर रागावतील म्हणून गुळवेलीच्या गोळ्यांचा उल्लेख टाळला जातो. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद कोणाच्याही बाजूने जावो, केमो चालू असताना यकृताचे आकडे वाढले, तर त्यामागे काय आहे हे डॉक्टरांना कळायला हवे. पुढच्या ओपीडीला जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, डब्या आणि बिनलेबलाच्या पुड्यासुद्धा पिशवीत घालून न्याव्यात.