एक डोळा झाकून बघा: नजर सांभाळायची तर एवढं माहीत हवं

हे वाचताय तिथेच एक करा, चष्मा असेल तर लावूनच, एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि दुसऱ्याने समोरच्या दाराची चौकट बघा, मग उलटं. दोन्हीकडून सारखंच दिसतंय का, चौकटीची कड सरळ आहे का मधेच वाकडी दिसतेय? माझ्या काकांचा उजवा डोळा बराच अधू झाला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता, डावा सगळं सांभाळून घेत होता ना, एक दिवस डाव्यात कचरा गेला म्हणून तो चोळत होते आणि भिंतीवरचं कॅलेंडर दिसेना तेव्हा कळलं. महिन्यातून एकदा हे कराच, आणि फरक वाटला तर लगेच डॉक्टरांकडे.

मोतीबिंदू आणि काचबिंदू यात खूप जणांचा घोळ होतो. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, धूसर दिसतं, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतात. थेंबांनी तो जात नाही, ऑपरेशन करून भिंग बदलतात आणि बाकी डोळा चांगला असेल तर छान दिसायला लागतं. पूर्ण पिकेपर्यंत थांबायचं हे जुनं झालं, उलट फार पिकला की ऑपरेशन अवघड होतं.

काचबिंदूची मला जास्त काळजी वाटते. त्यात डोळ्यामागची नस हळूहळू खराब होते, बहुतेक वेळा दुखत नाही, नजर कडेकडेने जाते आणि मधलं शेवटपर्यंत चांगलं राहू शकतं, म्हणजे तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ वाचली तरी काचबिंदू असू शकतो! गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवता येते. डोळ्याचं प्रेशर 10 ते 21 नॉर्मल धरतात पण त्यातही तो होतो, म्हणून नुसतं प्रेशर नको, नस पण बघायला सांगा, चाळिशीनंतर तर नक्कीच आणि आईवडील-भावंडांना असेल तर त्याआधीही.

थेंब चालू असतील तर नीट घाला. मान मागे, खालची पापणी ओढून खळगा करायचा, एकच थेंब, बाटलीचं टोक कुठेही टेकवायचं नाही, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने 2 मिनिटं दाबून धरायचा म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरे थेंब असतील तर 5 मिनिटांनी. आणि डोळा लाल झाला म्हणून मागच्या वेळचे उरलेले थेंब प्लीज घालू नका, त्यात स्टेरॉइड असेल तर प्रेशर वाढू शकतं.

शुगर असेल तर नीट दिसत असलं तरी वर्षातून एकदा थेंबांनी बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) तपासून घ्या, नंतर काही तास धूसर दिसतं तेव्हा गाडी चालवू नका.

मोबाइल-लॅपटॉपवर आपण पापण्या कमी मिटतो म्हणून डोळे कोरडे होऊन चुरचुरतात, दर 20 मिनिटांनी 20 फूट लांब 20 सेकंद बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा.

अचानक विजेसारखी चमक, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सुटत असू शकतो. डोळा खूप दुखून लाल झाला आणि उलट्या होतायत तर तेव्हाही तसंच. केमिकल उडालं तर आधी 15-20 मिनिटं स्वच्छ पाण्याने धूत राहा, मग निघा.

लहान मुलांचंही एकेक डोळा झाकून बघा, खेळता खेळता. एका बाजूला झाकलं की गप्प आणि दुसऱ्या बाजूला झाकलं की रडतं, हात ढकलतं, असं होत असेल तर रडतं तेव्हा उघडा असलेला डोळा कमजोर असू शकतो. अशा आळशी डोळ्याला सात-आठ वर्षांच्या आत उपचार मिळाले तर सगळ्यात चांगला फरक पडतो, त्यामुळे मोठं झाल्यावर बघू म्हणून थांबू नका.