जुन्या घरातील अर्थिंग: दोष कसा शोधावा आणि कसा दुरुस्त करावा

गोव्यातील जुन्या चिरेबंदी घरांत फ्रिजच्या दाराला हात लावताच मुंग्या येणे, न्हाणीतल्या नळाला किंचित शॉक लागणे किंवा विहिरीवरचा पंप चालू असताना त्याच्या लोखंडी पाइपला करंट येणे, अशा तक्रारी पावसाळा सुरू झाला की हमखास ऐकू येतात. करंट थोडासाच आहे म्हणून रबरी चपला घालून दिवस ढकलले जातात, हे फार धोक्याचे आहे. असा शॉक बसतो तेव्हा उपकरणातील इन्सुलेशन कमकुवत झालेले असते आणि सुटलेल्या विजेला जमिनीत जाण्यासाठी दुसरी वाट नसल्यामुळे ती ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून जाते. त्यामुळे शॉक जाणवला त्याच क्षणी मेन स्विच बंद करावा, त्या उपकरणाचा प्लग काढून ठेवावा आणि संपूर्ण तपासणी होईपर्यंत ते वापरू नये.

सुटलेली वीज तारेने जमिनीत नेणारी सोय, म्हणजेच अर्थिंग, बिघडली असे कळताच बहुतेक लोक ती तार जिथे जमिनीला मिळते त्या अंगणातल्या खड्ड्याकडे वळतात आणि त्यात पाणी व मीठ ओततात. माझ्या मते शोधाची सुरुवात घराच्या आतून, म्हणजे सॉकेटपासून करावी, कारण जुन्या घरांत खड्डा ठीक असूनही त्याच्यापर्यंत जाणारी तार मध्येच तुटलेली असण्याची शक्यता मोठी असते. पुढची कामे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावीत. मात्र तो काय पाहतो आणि का पाहतो, हे घरमालकाला ठाऊक असले पाहिजे.

मेन स्विच बंद करून आणि वीज खरोखर गेल्याची टेस्टरने खात्री करून सॉकेट उघडले की तीन पिनांच्या सॉकेटमधल्या वरच्या मोठ्या भोकाच्या स्क्रूला तार जोडलेली आहे की नाही, हे दिसते. लाकडी पट्टीवरचे मूळ वायरिंग अनेक घरांत दोनच तारांचे होते. पुढे सॉकेट तीन पिनांचे बसले, पण तिसरी तार आलीच नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे अर्थचा स्क्रू आणि न्यूट्रलचा (वीज परत नेणाऱ्या तारेचा) स्क्रू वायरच्या छोट्या तुकड्याने एकमेकांना जोडलेले असणे. टेस्टर आणि मीटर दोन्ही अशा जोडणीला फसतात, सगळे ठीक असल्यासारखे दिसते. परंतु न्यूट्रल कुठेही सुटला किंवा दुरुस्तीत फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर त्या सॉकेटवरच्या प्रत्येक उपकरणाच्या लोखंडी अंगात थेट २३० व्होल्ट येतात. असा तुकडा दिसल्यास तो लगेच काढावा आणि खरी अर्थ तार येईपर्यंत ते सॉकेट बंद ठेवावे.

तार असेल, तर ती मेन बोर्डापर्यंत आणि तिथून बाहेर खड्ड्यापर्यंत हाताने, नजरेने माग काढत जावे. जुन्या कामात आतली तांब्याची तार आणि बाहेरची जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार नुसता पीळ देऊन जोडलेली आढळते. असा सांधा जवळून पाहिला तर तांब्यावर हिरवट थर, जस्तावर पांढरी भुकटी आणि तिच्याखाली तांबूस गंज दिसतो. दोन वेगळे धातू दमट, खाऱ्या हवेत एकमेकांना चिकटून राहिले की त्यांतला एक झिजत जातो, आणि किनारपट्टीच्या गावांत हे फार लवकर घडते. तार वरून अखंड दिसते, पण हलकेच ओढली तरी पीळ हातात येतो. हा सांधा कापून टाकावा, तारेच्या टोकाला योग्य आकाराचा लग (भोक असलेली धातूची टोपी) दाबून बसवावा, नट-बोल्टने आवळावा आणि त्यावर गंजरोधक लेप द्यावा.

आणखी एक कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पूर्वी काही घरांत नळाच्या लोखंडी पाइपलाच अर्थची तार बांधलेली असे. पुढे स्वयंपाकघर किंवा न्हाणी नव्याने बांधताना तो पाइप काढून प्लास्टिकचा टाकला गेला आणि त्या दिवसापासून घराचे अर्थिंग संपले, कारण प्लास्टिकमधून वीज जमिनीकडे जात नाही. उलट उरलेल्या लोखंडी तुकड्यावर आणि नळावर बिघडलेल्या उपकरणाचा करंट येऊन थांबतो.

तारेचा माग पूर्ण झाल्यावर मीटरने मोजणी करावी. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये सुमारे २३० व्होल्ट, फेज आणि अर्थ यांच्यामध्ये जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये अगदी थोडे व्होल्ट दिसायला हवेत. फेज आणि अर्थमधला आकडा बराच कमी किंवा सतत हलता असेल, तर अर्थची तार बहुधा कुठेच जोडलेली नाही. काही वायरमन फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून पाहतात. अर्थ तुटलेला असल्यास या चाचणीत बल्बमधून आलेला करंट अर्थ तारेला जोडलेल्या सगळ्या उपकरणांच्या अंगावर उतरतो, म्हणून ती करायचीच असेल तर आधी घरातले सगळे प्लग काढावेत, गिझर-पंपासारख्या थेट जोडलेल्या उपकरणांची अर्थ तार सोडवावी आणि माणसांना दूर ठेवावे.

आता खड्डा. गोव्याचा जांभा दगड उन्हाळ्यात पार कोरडा पडतो आणि जुलैत तोच पाण्याने भिजलेला असतो, त्यामुळे पावसात घेतलेले माप खोटा दिलासा देते. अर्थ टेस्टरने खड्ड्याच्या विद्युत रोधाचे माप एप्रिल किंवा मे महिन्यातच घ्यावे. घरासाठी ते ५ ओहमच्या आत असावे असा प्रयत्न करतात. नवा खड्डा घ्यायचा झाला, तर चिऱ्याच्या कातळात घेण्याऐवजी न्हाणीचे पाणी जिरते किंवा माडाचे आळे असते अशी खोल मातीची जागा निवडावी. अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप पुरून त्याभोवती मीठ-कोळसा भरण्याची पद्धत जुनी आहे. पण वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात मीठ वाहून जाते आणि राहिलेले पाइपलाच खाते, म्हणून बेंटोनाइटसारख्या मातीचा भराव मला अधिक योग्य वाटतो. एका पाइपने माप खाली येत नसेल, तर पाइपच्या लांबीइतके अंतर सोडून दुसरा पाइप पुरावा आणि दोन्ही जोडावेत.

तरीही एकटे अर्थिंग पुरेसे नसते, हे साध्या हिशेबाने कळते. खड्ड्याचे माप १०० ओहम असेल, तर फेज उपकरणाच्या अंगाला चिकटल्यावर जमिनीत जाणारा करंट फार तर २.३ अँपिअर भरतो, आणि १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट वाहिल्यास वीज तोडणारा स्विच) तेवढ्याने कधीच पडत नाही. उपकरण तसेच जिवंत करंट घेऊन उभे राहते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) मात्र अशा गळतीवर क्षणात वीज तोडते. म्हणून मेन बोर्डावर ती बसवलीच पाहिजे. अर्थ नसलेल्या घरात आरसीसीबी माणसाला शॉक बसल्यानंतरच पडते आणि अर्थ असलेल्या घरात माणसाने हात लावण्यापूर्वीच पडते; दोन्हींची गरज यासाठी आहे.

जुन्या, ओल धरलेल्या वायरिंगवर आरसीसीबी बसवल्यास ती पावसाळ्यात वारंवार पडू लागते. चवथीच्या दिवसांत माटोळीवर (गणपतीच्या वर फळे-पाने बांधलेल्या चौकटीवर) रोषणाईच्या माळा लावल्यावर असे झाले की ती बायपास करून द्या, असा आग्रह होतो. तो कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये. एकेक सर्किट सोडवून मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासावे, १ मेगाओहमच्या खाली आलेले वायरिंग बदलावे आणि दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले नाहीत ना, हेही पाहावे. वर्षभर कुलूप असलेले घर मे महिन्यात किंवा चवथीला उघडताना मेन चालू केल्यावर सर्वांत आधी आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबावे, आणि ती पडली नाही तर वायरमन येईपर्यंत मेन बंद ठेवावे. या बटणाने आरसीसीबीच तेवढी तपासली जाते, अर्थिंग नव्हे. त्याचे माप दर उन्हाळ्यात वेगळे घेऊन तारखेसह मेन बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावे.