डंपरचालक होताना या चुका टाळा

डंपर शिकायला येणाऱ्याचे सगळे लक्ष स्टिअरिंग, क्लच आणि गिअरवर असते आणि शिकवणारेही बहुधा तेवढ्यावरच थांबतात. प्रत्यक्षात या गाडीचे गंभीर अपघात बऱ्याचदा ती जवळजवळ उभी असताना होतात, म्हणजे माल भरताना, मागे घेताना आणि हौदा (माल ठेवण्याचा मागचा भाग) उचलताना. त्यामुळे खाली सांगितलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा चुका ‘चालवण्या’च्या नाहीतच.

पहिली चूक प्रशिक्षण निवडतानाच होते. अवजड वाहनाचा परवाना मिळाला की डंपर आला, असे समजून अनेक जण रिकाम्या गाडीवर सराव करतात आणि थेट कामावर रुजू होतात. रिकामा आणि भरलेला डंपर या चालकाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या आहेत. रिकाम्या गाडीची मागची चाके जोरात ब्रेक दाबताच घसरू शकतात, तर भरलेली गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर घेते आणि वळणावर बाहेरच्या बाजूला झुकते. म्हणून प्रशिक्षण घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: भरलेली गाडी उतारावरून नेण्याचा आणि जाणकाराच्या देखरेखीखाली माल ओतण्याचा सराव मिळणार आहे का? उत्तर टाळाटाळीचे असेल तर दुसरी जागा शोधावी. खाणीत काम करायचे असेल, तर रस्त्यावरचा अनुभव अपुरा पडतो हेही ध्यानात ठेवावे. तेथील सर्वांत मोठ्या डंपरांची क्षमता 400 टनांच्या वर जाते, आणि त्यांच्या उंच केबिनमधून जवळ उभा असलेला माणूस, कधी कधी छोटी गाडीसुद्धा, दिसत नाही.

हौदा भरला म्हणजे वजन बरोबर झाले, असे नव्हे

नवा चालक माल डोळ्यांनी मोजतो. पण हौद्याचे माप घनमीटरमध्ये असते आणि गाडीची क्षमता टनांमध्ये, आणि या दोहोंचा हिशेब मालागणिक बदलतो. एक घनमीटर सुटी कोरडी वाळू साधारण 1.6 टन भरते, तीच ओली असेल तर 1.9 टनांच्या आसपास जाते. म्हणजे 10 घनमीटरच्या हौद्यात, वरून काहीही फरक दिसत नसताना, सुमारे 3 टनांची भर पडते. फोडलेला कोळसा घनमीटरला एक टनही भरत नाही, तर लोहखनिज अडीच टनांपर्यंत जाऊ शकते. तेव्हा माल कोणता आणि तो ओला आहे का, हे विचारल्याशिवाय हौदा काठोकाठ भरू देऊ नये. माल एका कुशीला किंवा अगदी मागे साठला असेल, तर लोडर अथवा पोकलेनच्या चालकाला तेथेच सांगून तो नीट करून घ्यावा. मागे जास्त वजन पडले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग पकड सोडू लागते. माल भरला जात असताना केबिनवर संरक्षक छत असेल तर पट्टा लावून आत बसावे, नसेल तर बकेटच्या फेऱ्यापासून दूर, यंत्रचालकाला दिसेल अशा जागी उभे राहावे. अर्धे दार उघडून पायरीवर रेंगाळणे ही सर्वांत वाईट जागा.

माल ओततानाच्या चुका

येथे थोडे थांबायला हवे, कारण गाडी उलटते ती बहुधा याच क्षणी. हौदा वर जातो तसा मालाचा भार वर चढतो आणि जमिनीचा किरकोळ वाटणारा आडवा कलही घातक ठरतो. जमीन मीटरमागे 5 सेंटीमीटर कललेली असेल आणि हौद्याचे वरचे टोक 5 मीटर उंचीवर असेल, तर ते टोक एका बाजूला 25 सेंटीमीटर झुकलेले असते. त्यात एका बाजूचा टायर कमी हवेचा असला किंवा ताज्या भरावात रुतला, तर हा कल आणखी वाढतो. म्हणून ओतण्याआधी खाली उतरून जमीन पाहावी, मागच्या टायरांची हवा तपासावी आणि फाळक्याचा, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराचा, खटका उघडल्याची खात्री करावी.

ओल्या मुरमासारखा चिकट माल एका बाजूने सुटतो आणि दुसऱ्या बाजूला चिकटून राहतो. अशा वेळी गाडी पुढे-मागे झटके देऊन माल पाडण्याची सवय फार जणांना असते, आणि ती काही वेळा ‘कसब’ म्हणून शिकवलीही जाते. ती अजिबात उचलू नये. हौदा पूर्ण खाली घ्यावा, माल मोकळा करून घ्यावा आणि मगच पुन्हा उचलावा. एवढे करूनही गाडी कलंडू लागलीच, तर उडी मारू नये, कारण उडी मारणारा गाडीखाली सापडण्याचा धोका असतो. पट्टा लावलेलाच ठेवून स्टिअरिंग घट्ट धरावे.

वर पाहण्याचा विसर हीसुद्धा तितकीच महागडी चूक आहे. हौदा विजेच्या तारेला लागला, तर वीज बंद झाल्याचा निरोप येईपर्यंत केबिनमध्येच बसावे आणि इतरांना लांब ठेवावे. आग लागल्यामुळे उतरणे भागच पडले, तर गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जोडून उडी घ्यावी आणि पाय न उचलता ते घासत दूर जावे. माल ओतून झाल्यावर हौदा खाली बसल्याशिवाय गाडी हलवू नये. उचललेला हौदा घेऊन पुलाखाली जाणे ही हास्यास्पद वाटणारी, पण खरोखर घडणारी चूक आहे.

उताराबद्दल थोडक्यात: गिअर उतार लागण्यापूर्वीच खालचा घ्यावा आणि एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (चाकांच्या ब्रेकवर ताण न देता वेग आवरणाऱ्या यंत्रणा) वापरावा. सतत ब्रेक दाबत उतरल्यास ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात, आणि अर्ध्या उतारावर गिअर बदलायला गेल्यास गाडी न्यूट्रलमध्ये अडकू शकते.

हौदा अडला तर

हौदा उचलला जात नसेल, तर आधी पी.टी.ओ. (इंजिनची ताकद हायड्रॉलिक पंपाला देणारी जोडणी) खरोखर लागला आहे का, हायड्रॉलिक तेल पुरेसे आहे का आणि नळ्यांतून गळती आहे का, हे क्रमाने पाहावे. माल पुढच्या भिंतीकडे जास्त साठला असेल, तरी हौदा उचलणाऱ्या जॅकवर ताण येऊन हौदा जागचा हलत नाही. हौदा झटके देत वर जात असेल, तर तेल कमी असण्याची किंवा त्यात हवा शिरल्याची शक्यता असते. तो वर अडकून खाली येत नसेल, तर हौद्याला सुरक्षा टेकू लावल्याशिवाय, आणि तोही रिकाम्याच हौद्याला, कोणीही खाली वाकून पाहू नये. भरलेला हौदा वर अडकला असेल, तर माणसांना बाजूला करून मेकॅनिकला बोलवावे आणि तो येईपर्यंत केबिनमधील लिव्हरला कोणी हात लावणार नाही याची व्यवस्था करावी.