सुईची तलफ वेगळी कशी ओळखावी आणि कशी सैल करावी

हेरॉइनसारख्या नशेच्या व्यसनावर दिले जाणारे बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे औषध नियमित सुरू आहे, नशा सोडल्यावर होणारी अंगदुखी आणि जुलाब थांबले आहेत, तरीही हात सिरिंजकडे जातो, असे होत असेल तर औषधाची मात्रा कमी पडते आहे का, हे प्रथम डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मात्रा पुरेशी असूनही ओढ टिकत असेल, तर ती बहुधा टोचण्याच्या क्रियेची असते. शिरेतून घेतलेली नशा काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, त्यामुळे तिच्या आधीची प्रत्येक हालचाल सुखाशी जोडली जाते आणि कालांतराने नुसत्या तयारीनेही हायसे वाटू लागते. जवळ काही नसताना काही जण साधे पाणी टोचून घेतात, ते यामुळेच.

समुपदेशकासोबत बसून हा क्रम सुरुवातीपासून कागदावर उतरवावा: हातात पैसे येणे, ठरावीक मित्राचा फोन, दाराची कडी लावणे, दंड आवळणे, सिरिंजमध्ये रक्त दिसणे. यांपैकी नेमक्या कोणत्या क्षणी खांदे सैल पडतात, तेथे खूण करावी. कोणाला रक्त दिसताच शांत वाटते, तर कोणाला दुसऱ्याने टोचून देण्यातली जवळीक हवी असते, आणि अशा वेळी उपाय सुईपेक्षा त्या नात्यावर करावा लागतो. क्रम तोडायचा तो मात्र शक्य तितक्या सुरुवातीच्या टप्प्यावर, म्हणजे फोन येतो तेव्हाच. दंड आवळल्यानंतर निर्धाराची परीक्षा पाहू नये.

सिरिंज समोर ठेवून मन घट्ट करण्याचा प्रयोग घरी एकट्याने करू नये. दवाखान्याच्या खोलीत शमलेली तलफ जुन्या जागी पुन्हा उसळते, हे ध्यानात ठेवावे. रक्ततपासणीच्या वेळी नर्सला आधीच सांगून नजर दुसरीकडे वळवावी. बुप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी विरघळायला काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ रोज एकाच जागी बसण्याचा नेम ठेवावा आणि ती गोळी कुटून टोचण्याचा मोह झाल्यास तो लपवू नये, कारण महिनाभर पुरणारे, नर्सने द्यायचे बुप्रेनॉर्फिनचे इंजेक्शन काही ठिकाणी मिळते आणि त्यामुळे रोजचा प्रसंगच टळतो.

घरच्यांना पटणे जड जाते, पण पाय घसरण्याची शक्यता असेपर्यंत निर्जंतुक सुया मिळण्याची वाट बंद करू नये. वापरलेल्या सुईतून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी पसरतात. नशेत खंड पडल्यानंतर शरीराची सहनशक्ती घटलेली असल्याने पूर्वीची मात्रा जीव घेऊ शकते, म्हणून अशा नशेच्या अतिमात्रेवर उतारा असलेले नॅलोक्सोन हे औषध घरात ठेवावे आणि ते कसे द्यायचे हे सोबतच्या माणसाने आधीच शिकून घ्यावे.