बागेतल्या रेल्वेसाठी घरी वाघिणी बनवताना या चुका टाळा

बागेतल्या छोट्या मॉडेल रेल्वेसाठी घरी बनवलेली वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, घसरली की पहिला आळ रुळांवर येतो. कधी कधी तो खराही असतो. म्हणून काहीही खोलण्याआधी एवढंच पाहा: वेगवेगळ्या वाघिणी एकाच ठिकाणी घसरतात, की एकच वाघीण जागोजागी घसरते? पहिलं असेल तर रूळ दुरुस्त करा. दुसरं असेल तर वाघीण उलटी करा, दोष बहुतेक तळाखालीच सापडेल. फळ्या, रिव्हेट आणि रंग यांवर आपण मन लावून काम करतो आणि चासी, म्हणजे चाकं बसवलेला खालचा सांगाडा, मात्र एका बैठकीत उरकतो. खरं कसब चासीतच लागतं.

चारही चाकं टेकतात का?

चार चाकांची चासी अगदी ताठ बांधली आणि जराशी पिळली गेली, तर एक चाक अधांतरी राहतं. त्यात बागेतला रूळ ऊन-पावसाने खालीवर होतोच. सपाट काचेवर चासी ठेवा, प्रत्येक चाकाखाली पातळ कागदाची पट्टी सरकवा आणि एकेक पट्टी हलक्या हाताने ओढून बघा. तीन अडल्या आणि चौथी अलगद निघून आली, तर त्या चाकावर भारच नाही. वळण आलं की त्याची कड रुळावर चढणार.

यावर बेअरिंगखाली पातळ चकत्या भरत बसू नका. काचेवर जमलेली चासी बागेत पुन्हा तेच करेल. एक अ‍ॅक्सल (चाकांची जोडी जोडणारा दांडा) पक्का ठेवा आणि दुसरा एका छोट्या चौकटीत बसवा. ही चौकट मधोमध, वाघिणीच्या लांबीच्या दिशेने घातलेल्या पिनवर डावी-उजवीकडे झुलू द्या. तिवई खडबडीत जमिनीवरही डगमगत नाही, तेच तत्त्व इथे आहे. झोका एक-दोन मिलिमीटरचा पुरे. बोगीच्या (डब्याखाली वळणाऱ्या, चाकांच्या छोट्या गाड्याच्या) वाघिणीत एक बोगी सगळ्या बाजूंनी झुलू द्या. दुसरी वळू दे, पुढे-मागे कलू दे, पण डावी-उजवीकडे नको. दोन्ही सैल सोडल्या तर डबा डुलतो, दोन्ही आवळल्या तर पुन्हा चाक उचललं जातं.

अ‍ॅक्सल एकमेकांना समांतर नसतील तर वाघीण सतत एका रुळाला घासत चालते. नुसता गुण्या लावून समाधान मानू नका, गोंद वाळण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले पाहिजेत.

सरळ रुळावर छान धावते आणि फक्त सांध्यांवर, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते तिथे, अडखळते, अशी तक्रार असेल तर एकाच अ‍ॅक्सलवरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. ४५ मिमी गेजला (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) ते साधारण ४० मिमी आणि ३२ मिमी गेजला साधारण २८ मिमी असतं. आपल्या रुळांवर बिनतक्रार चालणाऱ्या गाडीची चाकं मोजा आणि त्याप्रमाणे नवी बसवा, हे सगळ्यात उत्तम. रुळांतून वीज घेणारी रेल्वे असेल तर धातूच्या चाकांच्या प्रत्येक जोडीतलं निदान एक चाक अ‍ॅक्सलपासून इन्सुलेट केलेलं हवं, नाहीतर शॉर्ट सर्किट ठरलेलं.

वजन

रिकामी, हलकी वाघीण लांब गाडीत इंजिनाच्या लगेच मागे जोडली, की मागच्या सगळ्या गाडीची ओढ तिच्यावर येते आणि वळणावर ती आतल्या बाजूला कलंडते. वजन घाला, पण तळाखाली, दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये. लोखंडी पट्टी चालते. छताजवळ ठेवलेलं वजन उलट अपाय करतं. आणि डबा चढवण्यापूर्वी नुसती वजनदार चासी पूर्ण मार्गावर पुढे आणि मागे ढकलून बघा. या टप्प्यावर दुरुस्ती दहा मिनिटांची असते.

स्केल आणि साहित्य

स्केल म्हणजे मूळ गाडीच्या मानाने मॉडेल किती लहान. ४५ मिमीच्या त्याच रुळावर १:२२.५ मध्ये मीटर गेज, १:२०.३ मध्ये तीन फुटी आणि १:३२ मध्ये स्टँडर्ड गेज दाखवतात. ३२ मिमीवर १:१९ घेतलं तर दोन फुटी लाइन होते. आराखडा काढण्याआधीच एक स्केल ठरवा. रूळ एकच म्हणून मापं मिसळली की एका वाघिणीच्या दारातून माणूस ताठ जातो आणि शेजारच्या वाघिणीत त्याला वाकावं लागतं.

साधा पांढरा गोंद पावसात सुटतो, पाण्यात टिकणाराच घ्या. प्लायच्या कापलेल्या कडांतून पाणी आत शिरतं, तेव्हा आधी त्या कडा बंद करा आणि मग रंगाकडे वळा. उघड्या वाघिणीच्या तळाला पाणी निघायला भोकं हवीतच. स्टायरिन या प्लास्टिकचे दोन पत्रे एकावर एक चिकटवलेत तर सॉल्व्हंट मध्ये अडकतं आणि पुढे भिंत बाक धरते. आतल्या पत्र्याला आधीच बारीक भोकं पाडून ठेवा. गडद रंगाचा डबा उन्हात फार तापतो हेही ध्यानात असू द्या. झटपट चिकटणारा सुपरग्लू धक्क्याला कच्चा, त्यामुळे जिथे ओढ बसते तिथे जोडीला पितळी पिन किंवा स्क्रू द्या.

कपलिंगची (दोन वाघिणी जोडणाऱ्या आकड्याची) उंची मात्र कधीही अंदाजाने ठरवू नका. ओढताना चूक लपते, गाडी मागे ढकलली की एक कपलिंग दुसऱ्याखाली शिरून वाघीण उचलते. चालत्या वाघिणीवरून पत्र्याचा एक मापतुकडा कापा आणि नवीन कपलिंग त्यालाच टेकवून बसवा, तेही वजन घातल्यानंतर.