एबीएसचा दिवा लागला? गॅरेजला जाण्याआधी हे वाचा आणि या चुका टाळा

जुलै उजाडला की घोडबंदर रोडला खड्डे आणि गाडीच्या मीटरमध्ये एबीएसचा पिवळा दिवा, दोन्ही बरोबरच येतात. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. मग ओळखीच्या गॅरेजमध्ये गेलं की तिथला माणूस बॉनेटसुद्धा न उघडता सांगतो, साहेब एबीएसचं युनिट गेलं, बदलावं लागेल. आणि आपण हो म्हणतो, कारण ब्रेकचं नाव काढलं की कोणीही घाबरतं. पण हे युनिट, म्हणजे एबीएसचा मेंदू आणि पंप, असं उठसूट जात नाही हो. बहुतेक वेळा भानगड चाकापाशी असते, चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, त्याची वायर, कपलर (वायर जोडायचा सॉकेट) नाहीतर बेअरिंग. म्हणून तपासणी चाकापासून सुरू करायची आणि युनिटवर सगळ्यात शेवटी यायचं, बरेच जण नेमकं उलटं करतात.

दुसरी चूक म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड आधी उडवायचा आणि मग बघू म्हणायचं. कोड हाच तर पुरावा आहे, तो लिहून घ्या किंवा मोबाईलवर फोटो काढा, मग काय उडवायचं ते उडवा. आणि ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी रीडर (गाडीच्या सॉकेटला लावून कोड वाचायचं यंत्र) लावून "कोड काहीच येत नाही, म्हणजे गाडी ठीक आहे" असं समजू नका, कारण असले बरेच रीडर फक्त इंजिनचे म्हणजे पी पासून सुरू होणारे कोड वाचतात, एबीएसचे कोड बहुतेक सी पासून सुरू होतात. उदाहरणार्थ सी००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. यू०१२१ आला तर बाकीच्या गाडीचा एबीएस युनिटशी संपर्क तुटलाय, तेव्हाही आधी फ्यूज, अर्थिंग आणि कपलर बघायचे.

आणि कोड सेन्सरचा आला म्हणजे सेन्सरच खराब असंही नाही. खरी मजा लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे गाडी चालू असताना सेन्सर काय सांगतायत ते स्कॅनरवर बघण्यात आहे. स्कॅनर लावून ऐरोलीच्या आतल्या एखाद्या सेक्टरच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी सरळ, हळू चालवायची आणि शेजारी बसलेल्याने चारही चाकांचा स्पीड बघायचा, चालवणाऱ्याने नाही. तीन चाकं वीस दाखवतायत आणि चौथं शून्यावर, किंवा वीस, अकरा, वीस, शून्य असं उड्या मारतंय, तर चाक सापडलं. मग ते चाक उघडा. वायर शॉकअपच्या क्लिपमधून निघून टायरला घासतेय का बघा (नुकतंच सस्पेन्शनचं काम झालं असेल तर माझा पहिला संशय इथेच), कपलर काढून आत हिरवट बुरशी किंवा पाणी आहे का बघा, आणि चाक हाताने हलवून बेअरिंगला प्ले आहे का बघा, कारण बेअरिंग ढिलं झालं की सेन्सर आणि तो वाचतो त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या रिंगमधलं अंतर बदलतं आणि सिग्नल तुटतो. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी लावत असाल तर उंदरांनाही यादीत धरा, त्यांना वायरीचं काय एवढं वेड आहे देव जाणे.

बेअरिंगबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथे चांगले चांगले मिस्त्री फसतात. आताच्या बऱ्याच गाड्यांत वेगळी दातेरी रिंग नसते, बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकी पट्टा असतो आणि सेन्सर तो वाचतो. बेअरिंग उलटं ठोकलं तर चाक मस्त फिरतं, आवाज नाही काही नाही, फक्त एबीएसचा दिवा जात नाही, आणि मग सेन्सर बदल, वायरिंग बदल, युनिट बदल असं बिल वाढत जातं. बसवण्याआधी साधी टाचणी दोन्ही बाजूंना लावून बघा, चुंबकी बाजूला ती हलकीशी चिकटते, ती बाजू सेन्सरकडे. त्या सीलजवळ मोठं चुंबक मात्र नेऊ नका.

मल्टिमीटर घेऊन सेन्सरचे ओहम मोजणं जुन्या दोन वायरच्या कॉइलवाल्या सेन्सरला चालतं. नव्या अॅक्टिव्ह सेन्सरचं (गाडीकडून वीज घेऊन चालणाऱ्या) त्यातून काही कळत नाही, उलट चांगला सेन्सर खराब ठरतो.

एक विचित्र केस असते, दिवा लागत नाही पण तीन हात नाक्याच्या सिग्नलला कोरड्या रस्त्यावर अगदी थांबता थांबता पेडल थरथरतं आणि गाडी किंचित पुढे सरकते. अशा वेळी रिंगला गंज किंवा तडा, नाहीतर सेन्सरच्या टोकाला लोखंडी कीस चिकटलेला, हे आधी बघा. हळू वेगात एका चाकाचा सिग्नल गळला की युनिटला वाटतं चाक लॉक झालं आणि ते ब्रेक सोडतं. कोड नाही म्हणून हे अंगावर काढू नका.

बाकी जोरात ब्रेक मारल्यावर पेडल थरथरणं हा बिघाड नाही, एबीएस काम करतंय, पाय उचलायचा नाही आणि पंपिंग तर अजिबात नाही. तसंच पारसिक हिलच्या ओल्या चढावर ट्रॅक्शनचा (चाक जागच्या जागी फिरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकला तर ते काम चालू आहे. लुकलुकायचा थांबून कायमचा लागला तर गडबड, आणि त्याखाली ऑफ लिहिलेलं असेल तर कोणीतरी बटण दाबलंय एवढंच. चिखलात चाक रुतलं असेल तेव्हा मात्र ट्रॅक्शन बंद करा, नाहीतर चाक फिरायला लागलं की ते पॉवर कापतं आणि गाडी जागची हलत नाही.

एबीएस, ट्रॅक्शन, हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारं) असे तीन दिवे एकदम लागले म्हणजे तीन बिघाड नव्हेत, तिघेही चाकांच्या त्याच चार सेन्सरवर जगतात. खूप दिवस उभी असलेली गाडी स्टार्ट करताना दिवाळी झाली तर आधी बॅटरी तपासा. अलाइनमेंट केल्यावर ट्रॅक्शनचा किंवा ईएसपीचा (वळणावर गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तर स्टीअरिंग अँगल सेन्सर कॅलिब्रेट करायचा राहिलाय का विचारा. एकाच चाकाला वेगळ्या साइजचा टायर किंवा हवा खूप कमी, यानेही दिवा लागतो. ब्रेक लाइटचा स्विच गेला तरी होतं, मागचे लाल दिवे लागतायत का हे भिंतीवर उजेड बघून कळतं, त्याला पैसे लागत नाहीत.

एबीएसचा पिवळा दिवा एकटा असेल तर साधा ब्रेक लागतो, सांभाळून गॅरेजपर्यंत जा. पण लाल ब्रेकचा दिवा आणि एबीएस दोन्ही एकदम लागले तर हँडब्रेक खाली आहे ना आणि ब्रेक ऑइलची लेव्हल ठीक आहे ना ते बघा, आणि तरीही लाल जात नसेल तर गाडी टो करा. मागच्या चाकांचं ब्रेकचं प्रमाण सांभाळणारी ईबीडीसुद्धा बंद असू शकते. फ्यूज काढून दिवा गप्प करायचा जुगाड करणाऱ्यांना काय बोलणार.

आणि काम झाल्यावर गॅरेजच्या दारातच दिवा गेला नाही म्हणून भांडायला उठू नका, काही गाड्यांत चाकं थोडा वेळ फिरून सिग्नल नीट मिळाल्याशिवाय तो विझत नाही, एक चक्कर मारून या आणि मगच बिल द्या.